पकडणारे हात

छोट्या टिलव्याचे वजन वीस-बावीस ग्रॅम. त्याच्या पायात अडकवलेली ॲल्युमिनियमची कडी इतकी हलकी असते की तळहातावर ठेवली तरी भार कळत नाही. तिच्यावर एक क्रमांक कोरलेला असतो आणि एक छोटी इंग्रजी ओळ: मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. सैबेरियातल्या एखाद्या फासेवाल्याला, कझाकस्तानातल्या एखाद्या मासेमाऱ्याला हा पक्षी सापडावा, त्याने ती कडी निरखून पाहावी, काहीतरी महत्त्वाचे आहे असे त्याला वाटावे आणि त्याने चार ओळी लिहून पाठवाव्यात, एवढ्या भरवशावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. कडी घातलेल्या हजार टिलव्यांमागे असे निरोप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. तरीही गेली अनेक दशके तमिळनाडूच्या एका टोकावर ऑगस्ट उजाडला की जाळी बाहेर निघतात, दोऱ्या तपासल्या जातात आणि कड्यांच्या माळा क्रमाने लावल्या जातात.

ते टोक म्हणजे कोडिक्करै. नकाशावर ‘पॉइंट कॅलिमियर’. पूर्व किनारा चेन्नईपासून जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि इथे येऊन एकदम काटकोनात पश्चिमेकडे वळतो. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी, आणि पलीकडे पन्नास-साठ किलोमीटरवर श्रीलंकेचा जाफना द्वीपकल्प. उत्तरेकडून किनारा धरून येणाऱ्या पक्ष्यांना इथे जमीन संपते. जे पुढे श्रीलंकेला जाणार असतात ते या टोकावर जमा होतात, वारा पाहतात, आणि मग समुद्रावर झेपावतात. ज्यांना चिखल हवा असतो त्यांना मागे पश्चिमेला पसरलेले वेदारण्यमचे प्रचंड खाजण मिळते. जगातल्या मोठ्या पक्षी निरीक्षण केंद्रांचे नकाशे काढून पाहिले तर जागेची निवड बहुतेक ठिकाणी याच तर्काने झालेली दिसते. स्वीडनचे फाल्स्टरबो, अमेरिकेतले केप मे, बाल्टिक किनाऱ्यावरची कुरोनियन वाळूपट्टी: सगळी निमुळती टोके. पक्षी जिथे गोळा होतात तिथे माणसाने जाऊन बसायचे.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. हा सगळा तंजावरच्या भोसल्यांचा प्रदेश. याच किनाऱ्याने पश्चिमेला गेले की मल्लिपट्टिनमजवळ सरफोजी राजे दुसरे यांनी १८१४-१५ मध्ये बांधलेला मनोरा अजून समुद्राकडे तोंड करून उभा आहे. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून बांधलेला. वेदारण्यमचे नाव मात्र आपल्याकडे निघते ते मिठामुळे. १९३० च्या एप्रिलमध्ये राजाजींनी तिरुचिरापल्लीहून शंभरेक सत्याग्रहींसह पदयात्रा काढली ती इथे, आणि महिनाअखेरीस मीठ उचलले म्हणून त्यांना अटक झाली. आपल्या शिरोड्याचा सत्याग्रह त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे महिन्यात. ती मिठागरे आजही चालू आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी. पक्ष्यांच्या कथेत त्यांना जागा आहे. त्याकडे पुढे येतो.

शरद ऋतू म्हटले की आपल्यासमोर निरभ्र आकाश आणि कोजागरी येते. कोडिक्करैला नेमके उलट. आपला पाऊस ओसरतो तेव्हा तिथला सुरू होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वारे या किनाऱ्याला झोडपतात आणि वर्षाचा बहुतेक पाऊस त्या दिवसांत पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिले पक्षी उतरतात तेव्हा खाजणाचा मोठा भाग तापून भेगाळलेला असतो, पाणी उथळ आणि खारट असते. मग आभाळ भरून येते, पाणी चढते, खारटपणा उतरतो, चिखलातली किडे-अळ्यांची दुनिया बदलते, आणि पक्षी त्या पाण्यामागे सरकत राहतात. इथे स्थलांतर मोजायचे तर आकाशाइतकेच पायाखालच्या पाण्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

पाणथळीचे पक्षी पकडण्याचे काम रात्रीचे, आणि त्यातही अंधाऱ्या रात्रीचे. चांदण्यात त्यांना जाळी दिसतात. अमावास्येच्या आसपास, सूर्य बुडण्याआधी, गुडघाभर पाण्यात बांबू रोवून त्यांच्यामध्ये मिस्ट नेट ताणतात. काळ्या नायलॉनचे हे जाळे इतके बारीक असते की दिवसाउजेडीही काही पावलांवरून ते नजरेतून निसटते. त्याला आडव्या दोऱ्या असतात आणि दोन दोऱ्यांमध्ये जाळे सैल सोडलेले असते. पक्षी आदळला की त्या झोळीत अलगद पडतो. यानंतरचे सगळे कौशल्य वेळेचे आहे. ठरावीक वेळाने जाळ्यांवरून फेरी मारायचीच, पाऊस असो, डास असोत, चिखलात पाय रुतोत. पक्षी फार वेळ लटकता कामा नये, झोळीची खालची कड पाण्याला टेकता कामा नये. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात आधी पाहायचे की पक्षी कुठल्या बाजूने आत शिरला, आणि मग त्याच बाजूने, पायांपासून सुरुवात करून, धागा धागा सोडवायचा. ज्याला घाई आहे त्याने या कामाला हात लावू नये.

सोडवलेले पक्षी कापडी पिशव्यांतून किनाऱ्यावर येतात. मान तर्जनी आणि मधल्या बोटांमध्ये, पाठ तळव्याला टेकलेली, अशा पकडीत पक्षी शांत राहतो. प्रजाती, वय, पंखाची लांबी, चोचीची लांबी, वजन, कोणते पीस जुने, कोणते नवे, हे सगळे एकजण सांगतो आणि दुसरा वहीत उतरवतो. कडी पायाच्या जाडीप्रमाणे निवडायची आणि पक्कडीने अशी मिटवायची की फिरेल पण निसटणार नाही. पाच-सात मिनिटांत पक्षी अंधारात परत. तो उडतो तेव्हा बहुतेक वेळा दिसतच नाही. ओल्या चिखलावरून एक बारीक ‘टिट’ ऐकू येते, तेवढेच.

वय हा त्या वहीतला सगळ्यांत बोलका रकाना. बाकचोच तुतारी घ्या. वाकड्या चोचीचा, पन्नास-साठ ग्रॅमचा हा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पासारख्या ठिकाणी अंडी घालतो. तिथून कोडिक्करै सरळ रेषेत सात हजार किलोमीटर. नर अंडी उबवत नाही, पिल्ले वाढवत नाही, जुलै उजाडताच दक्षिणेकडे निघतो. माद्या त्याच्या मागून. पिल्ले सगळ्यांत शेवटी, आपली आपण. ऑगस्टमध्ये कोडिक्करैच्या जाळ्यात येणारे पक्षी प्रौढ असतात. त्यांच्या छातीवर विणीच्या विटकरी रंगाचे ठिपके अजून शिल्लक असतात आणि पंखांच्या कडा झिजलेल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट येते, कोऱ्या पिसांची, पाठीवर खवल्यांसारखी फिकट किनार असलेली. अंड्यातून बाहेर येऊन यांना तीन महिनेही झालेले नसतात. वाट दाखवायला आई नाही, बाप नाही, आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर ती बरोबर उतरतात.

हे कसे जमते यावर डच शास्त्रज्ञ पर्डेक यांनी १९५० च्या दशकात एक धाडसी प्रयोग केला. शरद ऋतूत हेगजवळून जाणाऱ्या अकरा हजारांवर युरोपीय मैना त्यांनी पकडल्या, त्यांना कड्या घातल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या आणि तिथे सोडल्या. प्रौढ मैनांनी चूक ओळखली आणि वायव्येला वळून उत्तर फ्रान्स-इंग्लंडची आपली नेहमीची ठिकाणे गाठली. पहिल्याच प्रवासाला निघालेली तरुण पाखरे मात्र जन्मजात मिळालेल्या दिशेनेच उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये पोचली. दिशा रक्तात येते, जागा अनुभवाने कळते. कोडिक्करैला पहिल्यांदा उतरलेल्या तुतारीला आपण इथे आलो हे आता माहीत झालेले असते. पुढच्या खेपेला ती ‘जागे’कडे उडेल. म्हणूनच ती जागा जागेवर असणे एवढे महत्त्वाचे आहे.

वयाच्या रकान्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि मला ती या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काही वर्षी दक्षिणेच्या किनाऱ्यांवर बाकचोच तुतारीची पिल्ले भरपूर दिसतात, काही वर्षी जवळजवळ नाहीतच. दक्षिण आफ्रिकेतल्या नोंदींवरून लक्षात आले की हे चढउतार साधारण तीन वर्षांच्या तालात होतात आणि त्यांची दोरी लेमिंग नावाच्या एका उंदरासारख्या प्राण्याच्या हातात आहे. लेमिंगांचे पीक जोरात असते त्या वर्षी उत्तर ध्रुवाकडचे कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात, आणि भुकेले कोल्हे अंड्या-पिल्लांवर तुटून पडतात. उष्ण कटिबंधातल्या एका खाजणात, रात्री दिव्याच्या उजेडात, पक्ष्याच्या पाठीवरची किनार पाहून ध्रुवाजवळच्या उंदरांचे साल कसे गेले हे सांगता येते.

मात्र यासाठी पक्षी हातात यावा लागतो. या विद्येचा इतिहास शोधत गेले की शास्त्रज्ञांच्या आधी भेटतात ते पारधी.

युरोपात स्थलांतराचा पहिला ठोस पुरावा १८२२ मध्ये उत्तर जर्मनीत क्लुट्स गावाजवळ आकाशातून खाली आला: मानेत आफ्रिकी बाण आरपार रुतलेला एक पांढरा करकोचा. तो अजून रोस्टॉकला जपून ठेवलेला आहे. एका आफ्रिकी शिकाऱ्याचा नेम चुकला, आणि करकोचे हिवाळ्यात कुठे जातात या जुन्या प्रश्नाचे उत्तर युरोपला मिळाले. पायात कडी घालण्याची युक्ती डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन या शाळामास्तरांची. १८९९ मध्ये त्यांनी मैनांच्या पायात ॲल्युमिनियमच्या क्रमांकित कड्या घातल्या. आणि मग येते हेल्गोलँड.

उत्तर समुद्रात जर्मनीच्या किनाऱ्यापासून दूर असलेला हा तांबड्या खडकाचा चिमुकला तुकडा. मुख्य बेट जेमतेम एक चौरस किलोमीटर. शरदात समुद्र ओलांडणारे कस्तूर आणि वटवटे थकून त्याच्यावर उतरतात, आणि या उघड्या बेटावर त्यांना बसायला झुडूप नसे. बेटकऱ्यांनी ही गरज ओळखली. ते काटक्याकुटक्या रोवून झुडपांचे ताटवे तयार करीत, कस्तूर आडोशाला आत शिरले की एका बाजूने हाकत आणि दुसऱ्या बाजूच्या जाळ्यात धरत. रात्री कस्तुरांचे सूप. १८३७ मध्ये हाइनरिश गेट्के नावाचा एक तरुण चित्रकार समुद्र रंगवायला या बेटावर आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. बेटकरी जे पकडत, मारत, बाजारात आणत ते तो पाहत गेला, नोंदवत गेला. १८९१ साली त्याचे पुस्तक निघाले आणि या खडकाला जगाच्या पक्षिशास्त्रात स्थान मिळाले. १९१० मध्ये ह्यूगो वायगोल्ड यांनी तिथे रीतसर केंद्र सुरू केले. त्यांनी बेटकऱ्यांचा कस्तूर-ताटवा तसाच उचलला, त्यावर तारेची जाळी चढवली, निमुळत्या टोकाला पेटी बसवली, आणि सुपाच्या जागी कडी आणली. जगभरात आज ज्याला ‘हेल्गोलँड ट्रॅप’ म्हणतात तो हाच.

१९२९-३० मध्ये बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकणारा तिशीतला एक मुंबईकर याच बेटावर रिंगिंग, म्हणजे पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम, शिकायला गेला. सालिम अली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधल्या नोकरीतून रजा घेऊन ते जर्मनीला गेले होते. १९३० मध्ये परतले तेव्हा ती जागाच उरली नव्हती. अलिबागजवळ किहीमला त्यांच्या पत्नीच्या घरच्यांचे घर होते. तिथे राहून त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या घरट्यांवर जे काम केले ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. श्ट्रेझेमानकडून त्यांनी पक्षी जिवंत असताना पाहायचा हे घेतले, आणि हेल्गोलँडवरून पकडलेला पक्षी सोडून द्यायचा हे. त्या काळच्या शिकारी पक्षिशास्त्रात दोन्ही गोष्टी सारख्याच नव्या होत्या.

पण हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर पक्षी पकडण्याची संधी यायला आणखी तीस वर्षे जावी लागली, आणि ती आली एका तापामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. विषाणू सापडला तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. गोचिडींमधून पसरणारा. मग प्रश्न उभा राहिला: हा सैबेरियातून पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तर आला नाही? जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले, मुंबईच्या सोसायटीने माणसे दिली, आणि १९६० च्या सुमारास सालिम अलींच्या नेतृत्वाखाली कच्छपासून भरतपूरपर्यंत रिंगिंगच्या छावण्या पडू लागल्या. पक्ष्यांनीच हा ताप आणला हे काही सिद्ध झाले नाही. ताप मात्र पसरला. सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला, काजूच्या बागांत काम करणाऱ्या लोकांना २०१६ पासून त्याची चांगलीच ओळख झाली आहे. ‘माकडताप’ म्हणतात तो हाच.

पुढे अमेरिकी लष्कराच्या एका रोगसर्वेक्षणाचा पैसाही या कामात आला आणि १९७० च्या दशकात त्यावरून वृत्तपत्रांत आणि संसदेत संशयाचे मोहोळ उठले: पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी तर नाही ना? सालिम अलींना ते फार लागले. तो वाद आता विस्मरणात गेला, वह्या मात्र राहिल्या. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या मदतीने पक्षी-स्थलांतराचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, कोडिक्करै हे त्याचे प्रमुख ठिकाण झाले, आणि डॉ. एस. बालचंद्रन यांच्यासारख्या संशोधकांनी आपले सगळे कार्यजीवन त्या चिखलात घालवले.

या छावण्यांत पकडणारे कोण होते? बिहारमधले मीरशिकार. पिढ्यान्‌पिढ्या नवाब-जमीनदारांसाठी आणि मग बाजारासाठी जिवंत पक्षी धरणारा हा समाज. अली हुसेन हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. जपानी मिस्ट नेट आले तरी त्यांची जुनी हत्यारे बाजूला पडली नाहीत, कारण प्रत्येक पक्ष्याचा स्वभाव वेगळा आणि त्याला धरण्याची तऱ्हाही वेगळी. उथळ पाण्यात चरणाऱ्या थव्यासाठी जमिनीवर पालथे अंथरलेले आणि दोरी ओढताच दोन्ही बाजूंनी मिटणारे जाळे. सावध, एकट्या पक्ष्यासाठी फाशांची ओळ. तोंडाने शीळ घालून थवा खाली उतरवणे. पक्षी कुठल्या बांधावरून उठेल, वाऱ्याच्या कुठल्या बाजूने वळेल, दहा पावले पुढे कुठे टेकेल, हे त्यांना आधी कळे. आणि मीरशिकाराच्या धंद्याचा पहिला नियमच असा की पक्षी जखमी होता कामा नये. मेलेल्याला किंमत नाही. विज्ञानाला नेमका असा माणूस हवा होता. सोसायटीच्या कड्यांपैकी हजारो कड्या ज्या पायांत पडल्या ते पक्षी या निरक्षर मानल्या गेलेल्या हातांनी धरले होते. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्यांचे नाव येते. ते पहिल्या पानावर यायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडचे फासेपारधी आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये कागदावर मुक्त केले, त्यांच्याइतके माळरान वाचता येणारा दुसरा समाज महाराष्ट्रात नाही. तित्तिर, लावे, तणमोर यांची विणीची जागा, हाक, पायवाट त्यांना तोंडपाठ. अकोला-वाशीम भागात काही पारधी कुटुंबे आता गवताळ राने राखण्याच्या कामात आहेत, आणि तिथे तणमोराच्या खबरा पहिल्यांदा त्यांच्याकडूनच येतात. वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली, ते योग्यच झाले. पण त्या कायद्याबरोबर जी विद्या बेकायदा ठरली तिला दुसरा उंबरठा दाखवण्याची जबाबदारी फार थोड्यांनी घेतली. कोडिक्करैने ती काही काळ घेतली. मीरशिकारांच्या पुढच्या पिढ्या आता इतर कामधंद्यांत पांगल्या आहेत. जे शिकून घ्यायचे आहे ते लवकर घ्यावे लागेल.

खाजण सोडून टोकाकडच्या जंगलात गेले की सगळे वेगळे. रायणीच्या ठेंगण्या, दाट, सदाहरित झाडांचे हे रान. मधल्या गवतावर काळवीट, आणि कधीकाळी सुटलेल्या घोड्यांचे रानटी झालेले कळप. ऑक्टोबरमध्ये इथल्या पाचोळ्यात नवरंग उतरतो. कोकणात पावसाच्या तोंडावर दोन सुरांची शीळ घालणारा आणि भर पावसात घरटे करणारा आपला नवरंग. हा पक्षी रात्री उडतो, पहाटे जिथे असेल तिथे उतरतो. दमलेला नवरंग सकाळी एखाद्या अंगणात किंवा ओसरीवर सापडणे या किनाऱ्यावर नवलाचे नाही. चार दिवस किडे वेचून, अंगात चरबी साठवून तो पाल्कची सामुद्रधुनी ओलांडतो. त्याच्याबरोबर स्वर्गीय नर्तक, हिमालयातून उतरलेला निळा रॉबिन, बोरू वटवटे. पाणथळीच्या लाखांच्या मानाने हे आकडे किरकोळ. पण एका झाडाखाली एका सकाळी हे सगळे दिसतात, आणि एवढ्याशा जंगलावर किती मोठा प्रदेश अवलंबून आहे ते कळते.

ते जंगल आणि ते खाजण, दोन्ही अडचणीत आहेत. २००४ च्या त्सुनामीत नागपट्टिनम जिल्ह्याने तमिळनाडूत सर्वाधिक माणसे गमावली. इथल्या किनाऱ्यावर हजार वर्षे तग धरून असलेले चोळांच्या दीपस्तंभाचे अवशेषही त्यात कोसळले. १६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळच जमिनीवर चढले, ऐन हंगामात, आणि रायणीची जुनी झाडे मुळापासून उपटली. उघड्या पडलेल्या जमिनीवर वेडी बाभूळ पसरते. काळवीटाचे गवत ती खाते आणि जमीन घट्ट करते. वादळाचे घाव भरून येतात. बाभळीचे येत नाहीत, ती माणसांनी उपटावी लागते.

खाजणाची गोष्ट अधिक संथ आणि म्हणून अधिक घातक. ऐंशीच्या दशकात इथे हंगामाला पाच लाखांच्या घरात पाणथळी पक्षी येत. आता त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. छोटा टिलवा आणि बाकचोच तुतारी, जे तेव्हा जाळ्यात सर्वांत जास्त येत, त्यांतच घट ठळक आहे. एकच कारण नाही. उत्तरेत ध्रुवाकडची माळराने बदलत आहेत, वाटेत मध्य आशियातले अरल समुद्रासारखे थांबे आटले. पण एक कारण अगदी पायाशी आहे. मिठागरांसाठी खाजणाचे पाणी अडवले, वळवले जाते; कुठे गोडे पाणी साचते, कुठे पाणी इतके खारट होते की त्यात काही जगत नाही. टिलव्याचे पाय जेमतेम दोन सेंटिमीटरचे. पाणी त्याहून वर गेले की ते शेत त्याच्यासाठी बंद. खारटपणा एका मर्यादेत असला तरच चिखलात अळ्या आणि कृमी धरतात. प्रौढ तुतारी इथे येऊन पंखांची सगळी मोठी पिसे एकेक करून बदलते. या कामाला महिने लागतात, आणि त्या काळात तिला रोज, खात्रीचे अन्न हवे असते. पहिल्या वर्षाची बरीच पाखरे तर उन्हाळ्यातही परत जात नाहीत, वर्षभर इथेच काढतात. ज्याला आपण ‘पाहुणा’ म्हणतो तो वर्षातला मोठा काळ इथलाच रहिवासी असतो. २००२ मध्ये या परिसराला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, ३८,५०० हेक्टर. फलक लागला, पाण्याचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे मात्र अजून पक्ष्यांच्या वेळापत्रकाने ठरत नाही.

ही घट आपल्याला कळली कशी? कोणीतरी चाळीस वर्षे त्याच बांधावर, त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने मोजत राहिले म्हणून. एखाद्या वर्षी उत्साहाने केलेल्या गणनेतून हे दिसत नाही. पैसा बंद पडला, माणसे बदलली, वादळात केंद्राची छपरे उडाली, तरी नोंदवहीत रिकामी वर्षे फार राहू द्यायची नाहीत, हे निरीक्षण केंद्राचे खरे काम. त्यात बातमी होण्यासारखे काही नाही, आणि निधी देणाऱ्याला दाखवण्यासारखेही फारसे काही नाही.

आता उपग्रह आले. २००७ मध्ये ‘ई-७’ या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याने अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत ११,६८० किलोमीटर न थांबता कापले, आणि जगाने ते जवळजवळ रोजच्या रोज पाहिले. २०२२ मध्ये आपल्या ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर यंत्रे बसली. त्यांना हुमायून, सालिम, मॅककॅन, लेस्टर, खेंगारजी आणि नवी मुंबई अशी नावे दिली होती, आणि त्यांतला हुमायून भावनगरला गेल्याचे मुंबईकरांनी वर्तमानपत्रात वाचले. हे सगळे विलक्षण आहे. पण सहा पक्षी सहा पक्ष्यांचीच गोष्ट सांगतात. एखाद्या प्रजातीची पिल्ले यंदा किती जगली, कितीजण भरल्या अंगाने आले, कितीजण हाडे मोजावीत असे आले, हे सांगायला हजारो पक्षी हातात यावे लागतात. यंत्र आणि कडी एकमेकांची जागा घेत नाहीत.

मुंबईत बसून हे लिहिताना मला पूर्वद्रुतगती मार्गाच्या कडेची मिठागरे डोळ्यांसमोर येतात. भांडुप, कांजूर, मुलुंड. ऑक्टोबरमध्ये तिथे उतरणारे टिलवे आणि चिखले त्याच उत्तरेतून येतात. २०२४ मध्ये या पट्ट्यातली सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचे ठरले. घरांची गरज खरी आहे आणि ती नाकारणारा मी नाही. पण खाजणात घर बांधले की त्या घरात पाणी शिरते, हे या शहराला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर वेगळे सांगावे लागू नये. ज्यांना मिठागरांची नस ठाऊक आहे त्या आगरी कुटुंबांना विचारून, भरती कुठून येते आणि कुठे थांबते हे पाहून निर्णय झाला असता तर कदाचित वेगळा झाला असता. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. कोडिक्करैचा अनुभव सांगतो की दर्जाच्या आतली रेघ राखून भागत नाही, शेजारच्या मिठागरात पाणी कसे फिरते यावर आतले पक्षी ठरतात.

किहीमपासून दक्षिणेला, अलिबाग ओलांडले की आक्षीचा किनारा लागतो. ओहोटीला लांबवर मोकळी होणारी ओली वाळू, मागे सुरूची बने, आणि सप्टेंबरपासून तिथे कुरव, सुरय, चिखले, पाणटिवळे. मुंबई-पुण्याहून कॅमेरे घेऊन लोक येतात, उत्तम छायाचित्रे काढतात, याद्या करतात. त्या याद्यांचेही मोल आहे. पण कोकणच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी तरी एक खोली असावी, चार-पाच माणसांना बारमाही पगार असावा, गावातले जे मासेमारी जाळे विणतात आणि दुरुस्त करतात त्यांच्यातून पोरे निवडून त्यांना मिस्ट नेट लावायला शिकवावे, कोडिक्करैच्या जुन्या माणसांना दोन हंगाम शिकवायला बोलवावे, आणि पुढची तीस वर्षे ऑगस्ट ते मे तीच वाळू मोजत राहावी. एका मध्यम आकाराच्या पुलाच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे. जागा ठरवण्यासाठी फार शोधावेही लागणार नाही; ओहोटीच्या वेळी उथळ पाण्याकडे एकदा पाहिले की पक्षी कुठे उतरतात ते दिसते.